डावखुऱ्यांसाठी पंप-ॲक्शन शॉटगन कशी जुळवून घ्यावी

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पंप-ॲक्शन शॉटगन (नळीखालची मूठ, म्हणजे पंप, मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या छऱ्यांच्या बंदुका) उजव्या हाताने नेम धरणाऱ्यांसाठी घडवलेल्या असतात. डावखुरा नेमबाज त्यातली एखादी उचलतो, काही दिवस झटापट करतो आणि शेवटी उजव्या खांद्याला बंदूक लावायला शिकतो. इतकं करायची गरज नसते. या बंदुकीचं 'उजवेपण' खरं तर तीनच ठिकाणी आहे: सेफ्टीच्या (चाप अडवून धरणाऱ्या) खटक्यात, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या वळणात आणि पुंगळी, म्हणजे रिकामं काडतूस, बाहेर पडण्याच्या दिशेत. पहिल्या दोन गोष्टी बदलता येतात. तिसरी बहुतेक वेळा आहे तशी सोडली तरी चालते.

आधी डोळा तपासा

डाव्या हाताने लिहिता म्हणून डावा डोळाच प्रबळ असेल असं नाही. दोन्ही हात लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये लहानसं छिद्र करा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दूरची एखादी वस्तू पाहा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू छिद्रात जागेवर दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. तो डावा निघाला तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठीच आहेत. उजवा निघाला तर दस्त्यावर खर्च करण्याआधी जाणत्या प्रशिक्षकासमोर दोन्ही खांद्यांवरून बंदूक लावून पाहा. डाव्या खांद्यावरूनच मारायचं ठरलं, तर चष्म्याच्या उजव्या काचेवर, नेम धरताना बुबुळासमोर येईल अशा जागी, धूसर टेपचा छोटा तुकडा लावला की उजवा डोळा नेमात लुडबुड करत नाही.

बंदूक अजून घ्यायची असेल तर

मग निम्मं काम दुकानातच होतं. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी दस्ता जिथे रिसीव्हरला (बंदुकीच्या मधल्या धातूच्या भागाला) मिळतो तिथे वरच्या बाजूला, अंगठ्याखाली असते, त्यामुळे ती दोन्ही हातांना सारखीच. एक खबरदारी: पिस्तूलसारखी मूठ असलेला दस्ता लावला की अंगठा तिथवर सहज पोचत नाही, म्हणून या बंदुकीला साधाच दस्ता ठेवा. इथाका ३७ पुंगळी खालून टाकते. ब्राउनिंग बीपीएस तर पुंगळी खाली टाकते आणि सेफ्टीही वर ठेवते, म्हणून डावखुऱ्याने काहीही न बदलता वापरावी अशी माझ्या मते हीच पंप गन. काही मॉडेलांच्या पूर्ण डावखुऱ्या आवृत्त्याही निघाल्या आहेत, पण सुटे भाग मिळायला त्या अवघड जातात.

रेमिंग्टन ८७० किंवा तशा रचनेची बंदूक आधीच घरात असेल, तर खालचं सगळं तुमच्या कामाचं.

बंदूक रिकामी करा, आणि पुन्हा पाहा

नळी सुरक्षित दिशेला धरा. पंप मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं तिथे) पाहा, बोट घालून चाचपा, मग मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवणारी, नळीही तशीच तपासा. काडतुसं दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. जोडणी झाल्यावर चाचणीसाठी लागणारी नकली काडतुसं आधीच हाताशी ठेवा, म्हणजे खऱ्या काडतुसाला त्या खोलीत यायचं कारणच उरत नाही. दस्ता बदलण्यावर किंवा बंदुकीच्या एकूण लांबीवर परवान्याची काही अट आहे का, तेही याच वेळी वाचून घ्या.

सेफ्टीचा खटका

सगळ्यात महत्त्वाचा बदल हा. आडव्या खटक्याची सेफ्टी चापाच्या मागे असते आणि उजवीकडून डावीकडे दाबली की बंदूक उडण्याच्या स्थितीत येते. उजव्या हाताची तर्जनी आपसूक तिथेच असते. डावखुऱ्याची तर्जनी मात्र दुसऱ्या बाजूला असते. तिला चापाच्या कड्याला वळसा घालून पलीकडे जावं लागतं. घाईत हे बोट कड्याच्या आतून, चापाजवळून जाऊ लागतं आणि धोका तिथेच आहे. ही नुसती गैरसोय मानून चालवून घेऊ नये.

अनेक मॉडेलांसाठी उलट दिशेने चालणारा डावखुरा खटका तयार मिळतो. मूळ खटका काढून तोच उलटा बसवायचा प्रयत्न करू नका, आणि तुमच्याच मॉडेलचा भाग घ्या. ८७० मध्ये रिसीव्हरमधून आरपार जाणाऱ्या दोन पिना काढल्या की चापाचा संच खाली उतरतो. खटका त्या संचात एक बारीक गोळी, तिच्यावरची स्प्रिंग आणि ती दाबून धरणारी एक छोटी पिन यांच्या आधाराने बसलेला असतो. पिन सरकताच स्प्रिंग उडते आणि गोळी कुठेतरी नाहीशी होते, म्हणून हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत हात घालून करावं. ज्यांनी असा संच कधी उघडलेला नाही त्यांनी ते बंदुकीच्या कारागिराकडूनच करून घ्यावं, असा माझा आग्रह आहे. काम लहान असलं तरी भाग सुरक्षिततेचा आहे.

जोडणीनंतर चेंबरमध्ये नकली काडतूस घालून तपासा. सेफ्टी लावून चाप ओढा: काहीच व्हायला नको. बोट चापावरून काढा आणि सेफ्टी उघडा: आताही आतला हातोडा (बार उडवणारा भाग) पडता कामा नये. मग चाप ओढा: आता तो पडला पाहिजे. यातलं एकही चुकलं तर बंदूक थेट कारागिराकडे न्यावी.

सेफ्टी उघडी असल्याचं दाखवणारी खटक्याची लाल पट्टी आता डावीकडे न दिसता उजव्या बाजूला दिसेल. ही बंदूक दुसरं कोणी हाताळत असेल तर त्याला हे समोर बसवून दाखवा. जुन्या सवयीच्या माणसाला बंदूक सुरक्षित वाटेल आणि ती तशी नसेल.

पंप मोकळा करणारा खटका ८७० ला चापाच्या कड्यापुढे डाव्या बाजूला असतो. तो तुमच्या तर्जनीला उजव्या माणसापेक्षा जवळ पडतो, म्हणून तो बदलायची गरज नाही.

दस्ता

बऱ्याच दस्त्यांना उजवीकडे किंचित बाक दिलेला असतो, म्हणजे उजव्या माणसाचा डोळा नळीच्या रेषेत येतो. डावखुऱ्याचा गाल दस्त्याच्या उजव्या बाजूला टेकतो. त्यामुळे हाच बाक लाकूड त्याच्या चेहऱ्यात ढकलतो, डोळा नळीच्या उजवीकडे राहतो आणि प्रत्येक बाराला गालाला ठोसा बसतो. गालासाठी डाव्या बाजूला उंचवटा असलेला दस्ता तर डावखुऱ्याने घेऊच नये.

डोळे मिटून बंदूक सहज खांद्याला लावा आणि मग उघडा. रिसीव्हरची उजवी बाजू दिसत असेल तर दस्त्याचं टोक डावीकडे जायला हवं. काही बंदुकांसोबत दस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये बसवायच्या पातळ चकत्या येतात. तसं नसेल तर सरळ, बाक नसलेला दस्ता लावला तरी बराच फरक पडतो. लाकडी दस्ता वाफेवर वाकवणं हे मात्र कसलेल्या कारागिराचंच काम. दस्त्यावर काडतुसांचा पट्टा लावत असाल तर काडतुसं डाव्या बाजूला येऊ द्या, नाहीतर गाल त्यांच्यावरच टेकेल.

पुंगळी आणि भरणं

पुंगळी उजवीकडे, तुमच्या नजरेसमोरून उडते. पहिल्या काही फेऱ्यांना नजर तिच्यामागे जाते, नंतर तिकडे लक्षही राहत नाही. पण जळक्या दारूचे कण त्याच बाजूला उडतात, म्हणून संरक्षक चष्म्याशिवाय एकही बार काढू नका. याच रचनेचा एक फायदाही आहे. काडतुसांची पिशवी उजव्या कमरेला लावा. बंदूक रिकामी झाली की डावा हात मुठीवरच ठेवून उजव्या हाताने काडतूस सरळ, पुंगळी बाहेर पडते त्या उघड्या खिडकीत टाका आणि पंप पुढे ढकला. उजव्या माणसाला यासाठी हात बंदुकीखालून किंवा वरून वळवावा लागतो.

कागदावर तपासा

शेवटी नेमबाजीच्या मैदानावर १६ यार्डांवर, म्हणजे सुमारे १४.६ मीटरवर, मोठा कागद लावा. मध्यभागी खूण करा आणि फार नेम न धरता, बंदूक खांद्याला लागताच बार काढा. एकाच कागदावर चार-पाच बार झाले की छऱ्यांच्या दाट भागाचा मध्य कुठे आहे ते पाहा. या अंतरावर मध्य १ इंच सरकलेला असेल तर दस्ता १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर, हलवावा लागतो. छरे उजवीकडे जात असतील तर दस्ता आणखी डावीकडे न्या, डावीकडे जात असतील तर चकती कमी करा. वर जात असतील तर गाल टेकतो ती कड थोडी खाली हवी. एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी नवा कागद लावा.