दगड उचला, मिशा बघा, पाय मोजा

दगड उलटा केला की सगळे एकच विचारतात, "हा कुठला किडा?" मुलांना घेऊन दगड उलटे करत फिरायला लागल्यापासून मी या प्रश्नाचं उत्तर द्यायचं सोडून दिलंय. हातात भिंग देते आणि म्हणते, तूच शोध. त्यासाठी लागते ओळख-किल्ली, आणि ती स्वतः बनवण्यातच खरी मजा आहे.

किल्ली म्हणजे प्रश्नांची साखळी. प्रत्येक प्रश्नाला दोन-चारच उत्तरं, आणि प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाकडे नाहीतर थेट गटाच्या नावाकडे नेणारं. सुरुवातीला दहा-बारा जीव पुरे.

दहापट भिंग, मऊ ब्रश, झाकणाच्या दोन-तीन पारदर्शक डब्या आणि वही घ्या. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्या बाजूला उचला. खाली विंचू किंवा घोण (मोठी गोम) असेल तर त्या जीवाच्या आणि तुमच्या मधे दगड आडवा येतो. उघड्या बोटांनी काहीही उचलू नका. पळणारे आधी डबीत घ्या. गोम डोळ्यांदेखत नाहीशी होते, वाणी (पुष्कळ पायांचा संथ, लांबट किडा) मात्र होती तिथेच वेटोळं करून बसते. हेही वहीत उतरवा, कारण गोम शिकार करून जगते आणि वाणी कुजका पालापाचोळा खाते. पानं कुठे पळून जातात?

आता प्रश्न. माझ्या पहिल्या किल्लीचा पहिला प्रश्न होता, "पंख आहेत का?" चांगलीच फजिती झाली. कामकरी मुंगीला पंख नसतात, नराला असतात, आणि राणी मीलनानंतर आपले पंख टाकून देते. एकाच वारुळातल्या मुंग्या माझ्या किल्लीत दोन टोकांना गेल्या! "मोठा की लहान?" हा प्रश्नही तसाच कुचकामी. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता बघितलं तरी उत्तर एकच यायला हवं.

म्हणून सुरुवात करा सांध्यांच्या पायांपासून. ते नसतील आणि अंग वलयांचं असेल तर गांडूळ, म्हणजे वलयी संघ. मऊ, चिकट अंग आणि पाठीवर शंख असेल तर गोगलगाय, मृदुकाय संघ. (माशीच्या अळीलाही पाय नसतात, ती इथे घुसखोरी करते. तिच्यासाठी वेगळा फाटा ठेवा.)

सांध्यांचे पाय असतील तर तो संधिपाद. इथे लगेच पाय मोजायचा मोह होतो, मलाही झाला होता. एक इवलासा जीव, सहा पाय. मी ठोकून दिलं, कीटक. ते निघालं गोचिडीचं पिल्लू. मोठ्या गोचिडीला आठ पाय, पण अंड्यातून निघते तेव्हा सहाच. तेव्हापासून पायांच्या आधी मी मिशा बघायला लावते. मिशा नाहीत तर कोळ्यांचा वर्ग: बारीक कंबर असेल तर कोळी, नांग्या आणि शेपटीला डंख असेल तर विंचू, सगळं अंग एकाच तुकड्यासारखं दिसलं तर बहुधा गोचीड किंवा माईट, म्हणजे गोचिडीचा इवलासा भाऊबंद.

मिशा आहेत? आता मोजा. सहा पाय असतील तर कीटक. चौदा असतील तर वुडलाउस, जमिनीवर राहणारा कवचधारी, खेकड्याच्या गोतातला. (त्याच्या पिल्लाला शेवटची जोडी नंतर फुटते, त्यामुळे बारा मोजलेत तरी तुमचं चुकलेलं नाही.) त्याहून जास्त असतील तर एकच वलय भिंगाखाली धरा. एका वलयावर एक जोडी असेल तर गोम, दोन असतील तर वाणी. वलय मधल्या भागातलं निवडा. वाणीच्या डोक्यामागच्या पहिल्या काही वलयांवर एकेकच जोडी असते किंवा अजिबात नसते, आणि तिथेच सगळे फसतात.

सगळ्यात जास्त भांडणं गोळी होणाऱ्यांवरून होतात. काही वुडलाउस आणि काही वाणी दोघेही डिवचलं की गोळी होतात. डबी स्थिर ठेवा, गोळी उलगडेपर्यंत थांबा, मग पाय मोजा. वुडलाउसच्या सात जोड्यांत शंकेला जागा उरत नाही. गंमत म्हणजे वुडलाउस हा वाणीपेक्षा मुंगीचा जवळचा नातेवाईक आहे. दिसण्यावर नातं ठरवलं की असं होतं. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द कार्ल लिनियसनं १७५८ साली कोळी, खेकडे आणि गोमा सगळे कीटकांतच घातले होते. किल्ली ओळख पटवते, वंशावळ सांगत नाही. ती दोन पानं वहीत वेगळी ठेवा.

किल्ली तयार झाली की ती अशा माणसाच्या हातात द्या ज्यानं हे जीव कधी निरखून पाहिलेले नाहीत, आणि स्वतः गप्प बसा. हे अवघड जातं. तो जिथे अडखळेल तो प्रश्न खोडून नव्यानं लिहा. माझी सध्याची किल्ली सहाव्यांदा लिहिलेली आहे.

परत फिरताना आधी दगड जसा होता तसा ठेवा, मग डब्या त्याच्या कडेला रिकाम्या करा. उलट क्रमानं केलंत तर दगडाखाली चिरडतील. ओल शोधत ते आपणहून आत शिरतात, वुडलाउस बहुधा सगळ्यांच्या आधी.