ओटीपी एकदाच टाका

ब्राउझर आपोआप चालवणारी स्क्रिप्ट दर वेळी नव्याने लॉगिन करते आणि ओटीपीच्या पानावर अडून बसते. प्लेराइट (कोडमधून ब्राउझर चालवणारं साधन) वापरत असाल तर लॉगिनचं काम वेगळं काढा.

१. ब्राउझर हेडलेस (खिडकी न दाखवता चालणारा) न ठेवता उघडा. पासवर्ड, ओटीपी हातानेच टाका.
२. लॉगिननंतरचं पान पूर्ण उघडू द्या, मगच कॉन्टेक्स्टची (ब्राउझरमधल्या स्वतंत्र प्रोफाइलसारख्या जागेची) स्टोरेज स्टेट, म्हणजे कुकीज आणि लोकल स्टोरेज, जेसन फाइलमध्ये सेव्ह करा. घाई केलीत तर कुकीज अर्धवट येतात.
३. पुढचा प्रत्येक कॉन्टेक्स्ट तीच फाइल देऊन सुरू करा.

यात सेशन स्टोरेज (टॅब बंद होईपर्यंतच टिकणारा साठा) येत नाही, म्हणून टोकन (लॉगिन झाल्याची खूण) तिथे ठेवणाऱ्या साइटवर हे चालणार नाही. स्क्रिप्ट पुन्हा लॉगिनच्या पानावर पोचली तर सेशन संपलंय. तिथेच थांबवा, उगाच प्रयत्न करत राहिलात तर खातं लॉक होऊ शकतं.

ही फाइल म्हणजे चालू लॉगिनच, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जिथे साठवता तिथे) चुकूनही टाकू नका.