यकृत वाचवणाऱ्या वनस्पती-घटकाचे संशोधन कसे वाचावे

पावसाळ्यात गोव्यातल्या परसांत आणि कुळागरांच्या कडेने भुईआवळी उगवते व काविळीवर ती देण्याची चाल अनेक गोमंतकीय घरांत आहे; त्यामुळे वनस्पतीतील अमुक घटकाने उंदरांचे निकामी होणारे यकृत वाचवले, ही बातमी आपल्याला चटकन पटते. ती पुढे पाठवण्याआधी मूळ शोधनिबंध मिळवावा आणि निष्कर्षाऐवजी प्रथम कार्यपद्धतीचा भाग वाचावा.

सर्वांत आधी, उंदरांच्या यकृताला इजा करण्यासाठी दिलेल्या विषापूर्वी घटक दिला की नंतर, हे शोधावे. पुष्कळ प्रयोगांत तो काही तास किंवा काही दिवस अगोदर दिलेला असतो. रुग्ण मात्र यकृताला इजा झाल्यावरच डॉक्टरांकडे येतो. इजा कशाने घडवली, तेही पाहावे. उदाहरणार्थ, पॅरासिटामॉलच्या काही भागाचे यकृतातील विकरे (एन्झाइम) विषारी द्रव्यात रूपांतर करतात आणि मात्रा फार झाली की ते द्रव्य निष्प्रभ करणारे ग्लुटाथायोन संपत जाते. आधी दिलेल्या घटकाने ही विकरेच रोखली असतील, तर मुळात विषच कमी तयार झाले. जखमी यकृत बरे झाले, असे त्यावरून म्हणता येत नाही. ही शक्यता तपासली नसेल, तर मी त्या निबंधावर भिस्त ठेवणार नाही.

माणसासाठीच्या मात्रेचा अंदाज घेताना लहान उंदराच्या (माउस) दर किलोमागील मात्रेला १२.३ ने भागतात. दर किलोमागे १०० मिलिग्रॅमचे ६० किलोच्या माणसासाठी सुमारे ४९० मिलिग्रॅम होतात. हा संशोधकांचा आरंभीचा हिशेब आहे, घरी घेण्याचे प्रमाण नव्हे.

वनस्पतींकडून आशा ठेवण्यास आधार निश्चित आहे. मिल्क थिसलमधील सिलिबिनिन युरोपात विषारी अमानिटा अळंब्यांच्या विषबाधेत शिरेतून दिले जाते, कारण ते त्या विषाला यकृतपेशींत शिरू देत नाही. परंतु भारतात यकृत अचानक निकामी होण्यामागे बहुधा हिपॅटायटिस अ किंवा ई विषाणू असतात आणि त्यांना हे कारण लागू पडत नाही.

काविळीचा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, दिवसा गुंगीत राहू लागला किंवा त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर कोणताही काढा न देता १०८ ला फोन करावा, त्याला बांबोळीच्या गोमेकॉसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि आधी दिलेली प्रत्येक गोळी व झाडपाला तिथल्या डॉक्टरांना सांगावा.