हवा कुठून सुटते ते आधी ऐका

आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक करून मी साताऱ्याजवळ हायवेच्या एका गॅरेजात लागलो. एअर ब्रेकची आकृती तेव्हा डोळे मिटून काढता यायची. गाडीखाली आडवं झाल्यावर मात्र ती आकृती कुठं गेली कळलं नाही.

पहिल्याच महिन्यात पुण्याकडे निघालेला, कॉइल भरलेला एक ट्रेलर आला. ड्रायव्हरमामांची तक्रार एवढीच, "गाडी हवा धरत नाही." खाली घुसलो तर घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागच्या एक्सलवरच्या रिले व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा फुसफुसत होती. पायब्रेक दाबला की टाकीची हवा मागच्या चाकांकडे सोडतो तो हा व्हॉल्व्ह. हवा व्हॉल्व्हमधून येतेय म्हणजे व्हॉल्व्ह गेला, असा सरळ हिशेब मी केला. दोन तास घाम गाळून नवा बसवला. इंजिन चालू केलं, हवा भरली, नवाही तसाच फुसफुसायला लागला.

वस्ताद चहा पीत बसले होते. म्हणाले, "पार्किंग ब्रेक लाव बघू." लावला, आवाज बंद. "आता सोड." सोडला, आवाज चालू. "कळलं काय रं?" मला काही कळलं नव्हतं.

पार्किंग ब्रेक स्प्रिंगने लागतो आणि हवेने सुटतो. ब्रेक सोडलेला असतो तेव्हा बूस्टरच्या, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या, मागच्या स्प्रिंगच्या खणात हवा भरलेली असते. दोन खणांच्या मधलं सील गेलं की ती हवा पुढच्या खणात शिरते, पायब्रेकच्या नळीने उलटी येते आणि रिले व्हॉल्व्हच्या तोंडातून बाहेर पडते. व्हॉल्व्ह बिचारा नुसता दार असतो. वस्तादांनी एकेका बूस्टरची पायब्रेकची नळी सोडायला लावली. डाव्या बूस्टरच्या भोकाला तळहात लावला तर थंडगार वारा. बूस्टर बदलला, जुना व्हॉल्व्ह परत चढवला. नवा अजून आमच्या कपाटात आहे.

ही तपासणी पार्किंग ब्रेक सोडून करावी लागते, म्हणून आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. आणि स्प्रिंगच्या खणाची पट्टी कधी खोलायची नाही. आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मारते. बूस्टर उतरवायचा तर आधी स्प्रिंग त्याच्या लांब बोल्टने आवळून धरायची, मगच नटाला पाना.

तेव्हापासून माझी सुरुवात पान्याने होत नाही. आधी हवा पूर्ण भरतो, बहुतेक गाड्यांना आठ बारच्या आसपास. इंजिन बंद करून गेजचा काटा बघतो. पेडलला पाय न लावता काटा उतरतो की लावल्यावरच? लावल्यावरच उतरत असेल तर दुखणं पायब्रेकच्या बाजूला. मग ट्रेलरच्या दोन्ही नळ्या काढून घोडा एकटा तपासतो. घोड्याने हवा धरली की अर्धी गाडी सुटली. ट्रेलरकडचा दोष बऱ्याचदा नळीच्या जोडातल्या, म्हणजे कपलिंगच्या, कडक झालेल्या रबरात निघतो, साबणाच्या पाण्याला लगेच बुडबुडे येतात. लाल नळी हवा पुरवणारी, पिवळी ब्रेकचा इशारा नेणारी. लाल तुटली की ट्रेलर आपोआप जागेवर आवळतो, त्याला 'जाम झाला' म्हणून घण मारणारेही बघितलेत.

हवा भरली की हवेतलं पाणी काढणारा ड्रायर एकदा जोरात फुस्स करतो, ते लीकेज नव्हे. नवीन पोरं हमखास तिकडे धावतात, मीही धावलोय. टाकीच्या कॉकमधून पाण्याबरोबर तेल आलं तर मात्र कॉम्प्रेसरकडे बघायचं.

गेज आठ दाखवतंय आणि तरी गाडी थांबत नाही, ही तक्रार वेगळी. तिथं हवा शोधत बसू नका. ड्रमजवळ हात न्या, चिकटवू नका. एखादा ड्रम गार असेल तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही, एखादाच भाजत असेल तर तो सुटत नाही. बहुतेक वेळा स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे बूस्टरच्या दांड्याला जोडलेला, ब्रेकची ढिलाई काढणारा आर्म, नाहीतर ब्रेकशूवरचा लायनर निघतो.

आमच्याकडून सुटलेली गाडी तासाभरात खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याच्या बाजूच्या उताराला लागते, आणि तिथलं धोक्याचं वळण सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून बिल झालं, मामांनी हातात चावी घेतली, तरी वस्ताद म्हणतात, "मामा, थांबा जरा. दाबा पेडल." मी ठोकळे लावून परत खाली आडवा होतो आणि एकेका बूस्टरचा दांडा किती बाहेर येतो ते बघत सरकत जातो.