पाणीपट्टी किती ठेवायची? मोटार जळण्याआधी करायचा हिशेब

बहुतेक गावांत पाणीपट्टी शेजारच्या गावाकडे बघून ठरते. ती खर्चावरून काढा. समजा, लोकसंख्या १,०००, नळजोडण्या २००. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी ५५ लिटर, म्हणजे रोज ५५,००० लिटर पाणी. खालचे दर गृहीत आहेत, तुमचे घाला.

५ एचपीची सबमर्सिबल तासाला साधारण ५ युनिट खाते. रोज ६ तास चालली तर महिन्याला ९०० युनिट. ७ रुपये दराने वर्षाचे ७५,६००. स्थिर आकार वेगळा, तो बिलावर बघा. पाणी सोडणाऱ्याचे मानधन महिना ६,००० प्रमाणे ७२,०००. गळती, व्हॉल्व्ह, स्टार्टर यांना २०,०००. टाकी धुणे आणि पाणी तपासणी ५,०००.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे १०० किलो; ४० रुपयांनी ४,०००. सगळ्यात स्वस्त बाब, पण पैसे संपले की पहिली कात्री हिलाच लागते. वर्षाची पावडर एकदम भरू नका. ताजी असताना तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले की तो उडतो, मग मापाने टाकूनही शेवटच्या नळाला ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन मिळत नाही.

आता जी रक्कम कोणी धरत नाही ती: घसारा, म्हणजे झिजणारी वस्तू पुढे बदलण्यासाठी दरवर्षी बाजूला काढायचे पैसे. ६०,००० ची मोटार ६ वर्षे चालेल असे धरा, वर्षाला १०,०००. केबल-पॅनेलचे ५,०००.

बेरीज १,९१,६००. भागताना २०० ने भागू नका. वसुली ८० टक्के असेल तर भरणारी घरे १६०. दर निघतो घरामागे वर्षाला साधारण १,२०० रुपये, महिना १००. २०० ने भागलेले ९५८ कागदावर बरे दिसतात, पण वर्षाअखेर वीजबिल थकते.

दर ग्रामसभेत खर्चाच्या तक्त्यासह मांडा. प्रत्येक घराची मागणी ग्रामपंचायतीच्या नमुना ९ मध्ये (कर मागणी नोंदवही) चढवा आणि नमुना १० ची (कर व फीची) पावती दिल्याशिवाय रोख घेऊ नका. घसाऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. वीज थकली म्हणून त्यांना हात लावला की मोटार जळेल त्या दिवशी दारोदार वर्गणी मागावी लागते.

वसुली मार्चवर ढकलू नका. सोयाबीनच्या गावात दिवाळीच्या सुमारास, उसाच्या गावात बिले जमा झाल्यावर फिरा. थकबाकीदाराला आधी मागणी बिल द्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ ची सक्तीच्या वसुलीची कारवाई त्यानंतर.