दसऱ्याच्या झेंडूसाठी पहिला वाफा: रोपं आणण्याआधीची तयारी

दसऱ्याला दाराचं तोरण आपल्याच अंगणातल्या झेंडूचं असावं, असं मनात असेल तर नर्सरीत जाण्याआधी कॅलेंडर उघडा. दसरा कधी सप्टेंबरच्या अखेरीस येतो, तर अधिक महिना पडलेल्या वर्षी पार ऑक्टोबरच्या उत्तरार्धात. तारीख सापडली की तिथून मागे मोजत या. झेंडूचं बी पेरल्यावर रोप लावण्याजोगं व्हायला २५ ते ३० दिवस लागतात आणि लावल्यावर भरघोस फुलायला आणखी साधारण ६० ते ६५. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे बी जुलैच्या मध्यावर पडायला हवं. तयार रोपं आणणार असाल तर ती १५ ऑगस्टच्या आसपास मातीत जायला हवीत. बाकीची सगळी कामं या दोन तारखांच्या आधी उरकायची आहेत.

मग जागा. झेंडूला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन लागतं, आणि ते ऑक्टोबरमध्ये मिळेल का हे बघायचं. मे ते जुलै सूर्य आपल्याकडे दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेची बाजूही उजळलेली दिसते. पुढे तो दक्षिणेकडे सरकतो. पुण्यात २० ऑक्टोबरच्या भर दुपारी दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला साधारण साडेपाच फूट पडते. भिंतीच्या उत्तरेला लागून वाफा केला तर ऐन बहरात तो सावलीत जाईल. शक्यतो दक्षिणेची किंवा पूर्वेची मोकळी जागा धरा.

मापाला ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद पुरे. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवून माती तुडवायची नाही. वाफा भिंतीला टेकून असेल तर रुंदी दोन फुटांवर थांबवा.

आता पाण्याचा निचरा, आणि पावसाळी वाफ्याचं सगळं यश इथे आहे. फूटभर खोल खड्डा घ्या, पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी काही तासांत गेलं तर उत्तम. सकाळी भरलेलं संध्याकाळीही तसंच दिसलं तर झेंडूची मुळं तिथे कुजणार हे नक्की समजा आणि जमिनीपासून सहा ते नऊ इंच उंच गादीवाफा करा. काळ्या मातीत तर न तपासताच गादीवाफा करावा. नव्या सोसायटीच्या आवारात माती कमी आणि राडारोडा जास्त निघतो. सिमेंटचे तुकडे, विटा, प्लॅस्टिक हाताने वेचून काढावंच लागतं.

खणायला वाफसा हवा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, फक्त ओलसर. मूठभर माती दाबा, गोळा झाला की अंगठ्याने ढकला. भुगा होऊन पडला तर कुदळ उचला. चिकट लगदाच राहिला तर दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबा, कारण ओली काळी माती खणली की तिची ढेकळं वाळून विटांसारखी होतात. वळवाचा पाऊस पडून गेल्यावर हे काम फार छान होतं.

शेणखत मात्र पारखून घ्या. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, त्याला शेणाचा वास येत नाही आणि ढिगात हात घातला तर आत ऊब लागत नाही. कच्चं खत मुळांना भाजतं, शिवाय त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी घरात येतं. आपल्या मापाच्या वाफ्यावर दोन इंचांचा थर द्यायला चार घनफूट, म्हणजे सुमारे दहा घमेली खत लागेल. दोन-तीन मुठी निंबोळी पेंड मिसळा आणि रोपं लावण्याआधी वाफा आठ-पंधरा दिवस तसाच राहू द्या.

अवजारांत कुदळ, खुरपं, घमेलं आणि झारी एवढंच.

रोपांची संख्या दुकानात ठरवायची नाही, घरीच ठरवायची. तोरणाला साजेसा मोठा आफ्रिकन झेंडू अडीच-तीन फूट वाढतो, त्याला दीड फुटाचं अंतर द्या. दोन ओळींत दहा रोपं बसतात. बुटका फ्रेंच झेंडू फुटाफुटावर लावला तर २४ मावतील. पहिल्या वर्षी एकच फूल लावावं असं मला मनापासून वाटतं. शेवंती, निशिगंध, अ‍ॅस्टर यांचं पाणी आणि हंगाम वेगवेगळे, एका वाफ्यात सगळ्यांचं मन राखता येत नाही. रोप निवडताना फुललेलं टाळा; चार-पाच पानांच्या जोड्यांचं, जाड देठाचं, कळी न आलेलं घ्या आणि पानं उलटून मावा नाही ना ते बघा. लावायची वेळ संध्याकाळची.

आफ्रिकन झेंडूसाठी तीन फुटी काठ्या आणि सुतळी आधीच आणून ठेवा, परतीचा पाऊस फुलांनी जड झालेली झाडं आडवी करतो. रोपं नीट धरली की एकदाच शेंडा खुडायचा, त्याचीही कॅलेंडरवर खूण करा. आणि दहा लागत असतील तर तेरा रोपं आणा. वरची तीन पिशवीतच वाढवा. पहिल्या पंधरवड्यात गोगलगायीने एखादं खाल्लं तर त्याच वयाचं रोप तिथे लावता येईल.