पाइपात किती पाणी मावते, हे कसे काढावे

विहिरीपासून शेतापर्यंत नवी पाइपलाइन टाकावी, मोटार सुरू करावी आणि पाच मिनिटे झाली तरी दुसऱ्या टोकाला पाणी येऊ नये, अशा वेळी गळतीची शंका येते. पण बहुधा तेवढ्या वेळात पाइपच भरत असतो. भरण्यास किती वेळ लागेल हे आधीच काढता येते, आणि त्यासाठी एकच माप काळजीपूर्वक घ्यावे लागते, ते म्हणजे पाइपाचा आतला व्यास.

शेतीच्या पीव्हीसी पाइपावर छापलेला ९० मि.मी. हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. पाइप किती किलो दाबाचा आहे त्यानुसार त्याची जाडी बदलते, म्हणून कापलेल्या तुकड्याच्या तोंडाशी व्हर्नियर कॅलिपर लावून आतून मोजावे. उन्हात पडून राहिलेला पाइप किंचित चपटा होतो. त्यामुळे एकदा आडवे व एकदा उभे मोजून सरासरी घ्यावी.

समजा, व्यास ८४ मि.मी. भरला. तो ०.८४ डेसिमीटर असा लिहावा, कारण एक घन डेसिमीटर म्हणजे एक लिटर, आणि मग शेवटी रूपांतराचा घोळ उरत नाही. ०.८४ चा वर्ग ०.७०५६, त्याला ०.७८५४ ने, म्हणजे π (पाय, सुमारे ३.१४१६) च्या चौथ्या हिश्श्याने, गुणल्यास ०.५५४ येतात. मीटरभर लांबी म्हणजे १० डेसिमीटर, म्हणून दर मीटरला ५.५४ लिटर आणि ३०० मीटरला सुमारे १,६६२ लिटर पाणी मावते. पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देत असेल, तर रिकामी लाइन भरण्यास साडेपाच मिनिटे लागतात.

येथेच ८४ ऐवजी ९० धरले असते, तर उत्तर सुमारे १,९०९ लिटर आले असते. व्यासाचा वर्ग होत असल्याने त्यातली लहान चूकही जवळजवळ दुप्पट होऊन उत्तरात उतरते.

कागद हाताशी नसेल तर आतला व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा व निम्मा करावा. दर मीटरचे लिटर जवळपास बरोबर मिळतात. दोन इंची पाइपाला दोन लिटर.

ठिबकातून विद्राव्य खत सोडल्यावर हाच हिशेब पुन्हा कामी येतो. मुख्य लाइनीतले पाणी पूर्ण बदलेपर्यंत साधे पाणी चालू ठेवावे, आणि नळीच्या शेवटाकडे प्रवाह मंदावत जात असल्याने त्यापुढेही काही मिनिटे मोटार बंद करू नये.